कडक, कोरड्या उन्हाळ्यात सक्युलंटला रोज पाणी घालावं का?

रोज नको. उन्हाळ्यात सक्युलंट, म्हणजे जाड, गुबगुबीत पानांत पाणी साठवणारी झाडं, तहानेपेक्षा आपल्या काळजीनेच जास्त मरतात. वार ठरवून पाणी घालू नका. मातीत काडी खोल खुपसा. कोरडी निघाली तरच घाला, पण तेव्हा मात्र कुंडीखालच्या भोकातून वाहेपर्यंत. रोजचं घोटभर पाणी वरच्या वरच सुकतं, मुळं तहानलेलीच राहतात. थाळीत साचलेलं ओतून टाका.

पानं बघायला शिका. खालची पानं सुरकुतून मऊ पडली, तर झाड तहानलेलं. पिवळी, पाणीदार होऊन हात लावताच गळत असतील, तर पाणी जास्त झालंय. नवखे इथेच फसतात, कोमेजलंय समजून आणखी पाणी ओततात!

वेळ संध्याकाळची किंवा पहाटेची. ही झाडं पानांवरची छिद्रं मुख्यतः रात्री उघडतात, आणि रात्रही गरमच राहिली तर बरीचशी वाढ थांबवून बसतात. मग पाणीही कमी ओढतात. अशा दिवसांत खत नको, कुंडी बदलणंही नको.

दुपारच्या उन्हापासून आडोसा द्या, हिरवी जाळी चालेल. पान एकदा भाजलं की तो डाग जात नाही. मातीच्या छोट्या कुंड्या लवकर सुकतात, त्या जरा आधी तपासा.