सकाळचा निळा धूर आणि कट-कट: इंजिन उतरवण्याआधी काय तपासायचं

तुम्ही लिहिलंय त्यावरून चित्र असं आहे: पेट्रोल गाडी, रात्रभर उभी राहिली की सकाळी पहिल्या सेल्फला सायलेन्सरमधून निळसर धुराचा लोट येतो आणि अर्ध्या मिनिटात साफ होतो. सोबत इंजिनातून कट-कट ऐकू येते, ती पाच-सात मिनिटांत जाते. मेकॅनिक म्हणतो पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन उतरवावं लागेल. एवढ्या लक्षणांवर इंजिन उतरवू देऊ नका.

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. रंगावरून कळतं ते इतकंच. ऑइल कुठून येतंय हे कळायला धूर कधी येतो ते बघावं लागतं. रिंगा झिजल्या असतील तर धूर चढावर, गाडी भरलेली असताना, ॲक्सिलरेटर दाबाल तेव्हा येत राहतो आणि इंजिन गरम झालं म्हणून थांबत नाही. शिवाय रिंगांच्या फटीतून जळका गॅस खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक आणि ऑइल असलेल्या खालच्या भागात उतरतो. त्यामुळे इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल केलं की तिथून धापा टाकल्यासारखा धूर येतो. तुमच्याकडे यातलं काही दिसत नाही.

फक्त सकाळी येऊन जाणारा धूर बहुतेक वेळा व्हॉल्व्ह सीलचा असतो. हेडमध्ये, म्हणजे व्हॉल्व्ह असलेल्या इंजिनाच्या वरच्या भागात साठलेलं ऑइल कडक झालेल्या सीलमधून व्हॉल्व्हच्या दांड्यावरून रात्रभर झिरपतं आणि सुरू करताच जळून जातं. खात्री करायची तर लांब उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण सोडा आणि खाली आल्यावर एकदम दाबा. थ्रॉटल (हवेची झडप) बंद असताना इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत येण्याच्या मार्गात व्हॅक्यूम सगळ्यात जास्त असतो, तो सैल सीलमधून ऑइल ओढतो. मागच्या गाडीतल्या माणसाला त्या क्षणी निळा भपका दिसला तर संशय सीलवरच. त्याआधी पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधला गॅस इनटेकमध्ये सोडणारी झडप) मात्र बघून घ्या. तो उघडा अडकला तर ऑइलची वाफ सरळ इनटेकमध्ये जाते आणि उगाच रिंगांवर आळ येतो.

आता कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्लगच्या भोकात गेज लावून सिलिंडरमधला दाब मोजणं. ती केल्याशिवाय रिंगांबद्दल बोलण्यात अर्थ नाही. इंजिन गरम करा, इग्निशन आणि इंधन दोन्ही तोडा, सगळे स्पार्क प्लग काढा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवा आणि प्रत्येक सिलिंडरला गेजवर दाबाचे चार-पाच झटके येईपर्यंत सेल्फ मारा. एकच प्लग काढून बाकीचे तसेच ठेवले तर सेल्फ संथ फिरतो आणि आकडा खोटा येतो. बॅटरीही पूर्ण चार्ज हवी. साध्या, टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनात साधारण 10 ते 14 बार मिळतात. मॅन्युअलमधला आकडा अंतिम, पण आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक बघा. तो 10 ते 15 टक्क्यांच्या आत असला तर काळजी नाही. एखादा सिलिंडर कमी निघाला तर त्यात एक चमचा, म्हणजे 5 ते 10 मिली इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. दाब ठळकपणे वाढला तर ऑइलने रिंगांची फट तात्पुरती भरली, म्हणजे दोष रिंगांचा. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट (हेड आणि खालच्या ब्लॉकमधलं पॅकिंग). ऑइल जास्त ओतू नका, त्यानेच दाब फुगतो.

कट-कट आवाजाकडे येऊ. इंजिन थंड असताना येऊन गरम झाल्यावर जाणाऱ्या तीन आवाजांची सहज गल्लत होते. पहिला हायड्रॉलिक टॅपेटचा (ऑइलच्या दाबावर व्हॉल्व्हची फट भरून काढणारे भाग): त्यांच्यातलं ऑइल रात्री उतरलं की ते पुन्हा भरेपर्यंत टॅपेट वाजतात. दुसरा एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा (जळका गॅस हेडमधून सायलेन्सरकडे नेणारा पाइप): त्याचं गॅस्केट फुंकत असेल तर धातू तापून फुगेपर्यंत तसाच टक-टक येतो. तिसरा पिस्टनचा, जरा बोदा आणि ब्लॉकच्या अंगाने. तालावरून हे वेगळे काढता येत नाहीत, कारण तिघेही क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच वाजतात. इंजिन थंड असताना सायलेन्सरच्या तोंडावर जाड फडकं दोन-तीन सेकंद दाबा: मॅनिफोल्ड फुंकत असेल तर आवाज वाढून फुसफुस होते, आणि गॅस्केटच्या कडेला काजळीचा काळा फराटा सापडतो. टॅपेट असेल तर लांब स्क्रूड्रायव्हर हेड कव्हरवर टेकवून मूठ कानाशी धरल्यावर आवाज स्पष्ट येतो. फिरत्या बेल्टपासून तेवढे बाही-केस लांब ठेवा. टॅपेट वाजत असतील तर आधी ऑइलची पातळी आणि ग्रेड तपासा. गाडी ऑइल खात असेल तर पातळीच खाली गेलेली असण्याची शक्यता बरीच आहे.

या तिघांत न बसणारा, खोल, हातोडी मारल्यासारखा ठोका गरम इंजिनात ॲक्सिलरेटर दाबताच वाढत असेल तर तो कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा समजा. एकेका इंजेक्टरचं कनेक्टर क्षणभर काढून पाहिलं की ज्या सिलिंडरला ठोका मंदावतो तो सापडतो. असा ठोका असताना गाडी चालवू नका, उचलून न्या. ऑइलचा लाल दिवा लागला तरीही हेच.

बाकी रंग तुमच्या प्रश्नात नाहीत, म्हणून थोडक्यात. पांढरी वाफ इंजिन थंड असताना येऊन गेली तर ते नुसतं साचलेलं पाणी. गोडसर वासाचा दाट पांढरा धूर गरम इंजिनातही टिकला आणि कूलंट गळती न दिसता कमी होत असेल तर हेड गॅस्केट (रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका). काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टरपासून सुरुवात करा.

तुमच्या गाडीचं कॉम्प्रेशन सारखं आलं तर मेकॅनिकला एवढंच विचारा: हेड न उतरवता सील बदलता येतील का? बऱ्याच इंजिनांत येतात. पिस्टन वरच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा भरली की व्हॉल्व्ह आत पडत नाही, स्प्रिंग काढून जुना सील उपटता येतो. हवेच्या दाबाने क्रँक फिरू नये म्हणून तो अडवून ठेवायला सांगा.