विज्ञानलेखासाठी गाणं लिहिताना

आधी लेखाचा संपादित मसुदा मागवा. कच्च्यावर बांधलेलं कडवं पुढच्या दुरुस्तीत खोटं ठरतं. 2005 मध्ये अमेरिकेतल्या 'पॉप्युलर सायन्स' मासिकानं शरीराच्या भविष्यावरच्या अंकासाठी गायक-गीतकार जोनाथन कोल्टनकडून गाणी करून घेतली होती. अशा कामात एका गाण्यात एकच कल्पना पेलते.

समजा, विषय कृत्रिम हात. त्वचेवरचे इलेक्ट्रोड स्नायूंचे विद्युतसंकेत टिपतात, मोटर मूठ मिटते. अंतऱ्याला एवढं पुरे. 'मायोइलेक्ट्रिक' (स्नायूंच्या विद्युतसंकेतांवर चालणारा) हा शब्द ध्रुवपदात नकोच, ऐकणारा तिथंच अडखळतो. ध्रुवपद माणसाचं ठेवा: मूठ मिटते, पण हातातल्या हाताची ऊब कळत नाही. मिनिटाला 90 मात्रांच्या लयीत आठ मात्रांच्या केरव्याची चार आवर्तनं 21 सेकंदांत संपतात, म्हणून शब्द मोजून घ्या. मात्र चालीसाठी 'होऊ शकेल'चं 'होईल' कधीही करू नका. ध्वनिमुद्रणाचे हक्क कुणाकडे, ते आधीच लेखी ठरवा.