आंब्याच्या फळ्यांवरचे निळसर डाग

प्रश्न : वादळात पडलेल्या रायवळ आंब्याच्या फळ्या जूनमध्ये आरागिरणीतून कापून आणल्या आणि पडवीत एकावर एक रचून ठेवल्या. तीन आठवड्यांत त्यांवर निळसर-करडे पट्टे उमटले. घरात रासायनिक औषध नको आहे. कडुनिंबाचे तेल लावल्यास डाग जातील का, आणि फळ्या टिकतील का?
– एक वाचक, कुडाळ

उत्तर : प्रथम एका कोपऱ्यावर रंधा मारून पाहावा. डाग पहिल्या एक-दोन पापुद्र्यांबरोबर निघून गेला, तर ती केवळ वरवरची बुरशी होय. मात्र रंधा खोल गेला तरी करडी रेघ तशीच राहिली, तर डाग पाडणारी बुरशी आत शिरली आहे. लाकडाच्या पेशींत साठलेली साखर आणि पिष्ट यांवर ती जगते आणि तिच्या तंतूंतील गडद रंगद्रव्यामुळे लाकूड निळसर दिसते. पेशींच्या भिंती ती फारशी खात नसल्याने फळीची ताकद सहसा कमी होत नाही. तेव्हा फळ्या टाकून देऊ नयेत. पण आत उतरलेला रंग कोणत्याही तेलाने निघणार नाही, हेही स्पष्ट सांगणे भाग आहे. (बाभळीसारख्या लाकडात खिळ्याभोवती पडणारा काळा डाग निराळा. तो लोखंड आणि लाकडातील टॅनिन यांच्या संयोगाने पडतो आणि लिंबाच्या रसाने फिका होतो.)

आता वनस्पतिजन्य उपायांविषयी. कडुनिंबाची ख्याती मुख्यतः किडींविरुद्ध आहे. बुरशीविरुद्ध अधिक प्रभावी घटक मसाल्यांच्या तेलांत आढळतात : लवंगेत आणि दालचिनीच्या पानांत युजेनॉल, दालचिनीच्या सालीत सिनॅमाल्डिहाइड, ओव्यात थायमॉल. प्रयोगशाळेत हे घटक बुरशीची वाढ रोखतात. परंतु काचेच्या बशीतले यश पडवीतल्या फळीवर तसेच्या तसे मिळत नाही, कारण ही तेले उडून जातात आणि लाकडात खोल मुरत नाहीत. त्यामुळे ती लावायचीच असतील, तर फळी कापल्याच्या दिवशी लावावीत, म्हणजे फळी सुकेपर्यंतचे नाजूक दिवस निभावण्यास त्यांची थोडी मदत होऊ शकेल. काजूच्या टरफलांचे तेल कोकणात होड्यांना लावतात आणि ते टिकाऊही असते; मात्र त्याने लाकूड काळपट होते आणि कातडीवर फोड येतात, म्हणून टेबल-खुर्चीसाठी ते आम्ही सुचवणार नाही.

ओल्या फळीवर कोणतेही जड तेल चोपडू नये. त्याचा थर पाणी बाहेर पडू देत नाही, आणि लाकडातील ओलावा सुमारे 20 टक्क्यांखाली येईपर्यंत या बुरशीला अटकाव होत नाही. तुमच्या फळ्यांचे नुकसान एकावर एक रचल्यानेच झाले असावे. आजच थप्पी मोडून प्रत्येक दोन फळ्यांमध्ये साधारण इंचभर जाडीच्या सुक्या पट्ट्या एकाखाली एक येतील अशा ठेवाव्यात, थप्पी जमिनीपासून वीतभर उचलावी आणि दोन्ही बाजूंनी वारा खेळेल पण पावसाची झड लागणार नाही अशी जागा निवडावी. कडुनिंबाचे तेल फळ्या पूर्ण सुकल्यावर, पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांसाठी लावून ठेवता येईल. त्याचा वास मात्र बरेच दिवस जात नाही.

पुढच्या वेळी झाड पाडायचे झाल्यास ते हिवाळ्यात पाडून लगेच कापून घ्यावे. आरागिरणीत नंबर लागत नसेल, तर ओंडके तळ्यात पूर्ण बुडवून ठेवावेत, कारण हवा मिळाली नाही तर ही बुरशी वाढत नाही.