चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र देशाच्या वीजपुरवठ्यात नेमके काय काम करते?

महानिर्मिती या राज्य सरकारच्या वीजनिर्मिती कंपनीच्या या केंद्राची स्थापित क्षमता २९२० मेगावॅट असून, रात्रंदिवस टिकून राहणारी विजेची मागणी भागवणे हे त्याचे मुख्य काम आहे. कोळसा दूरवर नेण्यापेक्षा वीज वाहून नेणे सोयीचे, म्हणून ते खाणींजवळ उभारले गेले. येथून निघणाऱ्या ५०० किलोव्होल्टच्या एकदिश प्रवाहाच्या (डीसी) वाहिनीने १५०० मेगावॅटपर्यंत वीज थेट ठाणे जिल्ह्यातील पडघ्याला पोहोचवता येते. सौरऊर्जा वाढल्यापासून अशा केंद्रांतील वीजनिर्मिती संचांना दुपारी भार उतरवून (म्हणजे निर्मिती कमी करून) सूर्यास्तानंतर पुन्हा चढवावा लागतो, आणि माझ्या मते यापुढे त्यांचे खरे मोल याच लवचिकतेत आहे. राखेचा आणि धुराचा त्रास मात्र चंद्रपूरकरांच्याच वाट्याला येतो, हेही विसरता येत नाही.