आधी भिंती बघा, मग थडगी

स्कॉटलंडमधलं जुनं चर्च बघायला गेलात, तर पहिल्याच भेटीत थडग्यांवरच्या अक्षरांकडे धावू नका. आधी इमारतीला बाहेरून एक फेरी मारा. तिथे १५६० च्या धर्मसुधारणेनंतर, म्हणजे देश कॅथलिकचा प्रोटेस्टंट झाल्यावर, वेदीचं महत्त्व गेलं आणि प्रवचनाचा मंच बहुधा लांब दक्षिण भिंतीच्या मध्यावर आला. आतली मांडणी अशी बदलली, म्हणून बुजवलेली दारं-खिडक्या शोधा. उत्तरेला काटकोनात जोडलेला भाग दिसला तर तो बऱ्याचदा जमीनदार घराण्याचा. बाहेरून दगडी जिना असेल तर आत वर बसायचा सज्जा असावा.

सुरुवातीच्या चुका:
- अक्षरं उठावीत म्हणून खडू किंवा तारेचा ब्रश. वालुकाश्माचे पापुद्रे निघतात! टॉर्च बाजूने तिरका धरा, पुरतं.
- कवटी आणि हाडं दिसली की चाच्याची कबर समजणं. अठराव्या शतकात ती मृत्यूची सर्वसाधारण खूण होती.
- कललेल्या दगडाला टेकणं.

भिंतींवरचे चुन्याचे थर तपासणं, मोजमापं घेणं नंतर.