आईच्या (वय 58, इंदूर) एमआरआयमध्ये ‘डिस्क डिजनरेशन’ आलंय. ऑपरेशन लागेल का?

बहुतेकदा नाही. त्या शब्दाने आईंना घाबरू देऊ नका. मणक्यांमधल्या चकत्यांतलं पाणी वयानुसार कमी होतं, त्या चपट्या होतात. 2015 च्या एका मोठ्या आढाव्यात, पाठ अजिबात न दुखणाऱ्या पन्नाशीच्या सुमारे 80 टक्के लोकांच्या स्कॅनमध्येही हीच झीज दिसली! म्हणून रिपोर्टपेक्षा त्रास काय आहे ते बघा. चकतीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. पोषण शेजारच्या हाडांतून झिरपत येतं, हालचालीने त्याला मदत होते. तेव्हा पडून राहण्यापेक्षा नेहरू पार्कात झेपेल तेवढं चालू द्या, फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकवा. मात्र लघवी-शौचावरचा ताबा सुटला, जांघांमध्ये बधिरपणा आला किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर लगेच, त्याच दिवशी एमवाय हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या.