नववीच्या मुलांकडून गावातल्या पाणीवापराचं सर्वेक्षण करून घ्यायचं आहे. प्रश्न कसे काढावेत, किती घरं घ्यावीत आणि कोणता आलेख कुठे काढावा?

तुम्ही दिलेली माहिती अशी: वर्गात ४२ मुलं, गावात साधारण ३२० घरं, हातात दोन आठवडे, आणि शेवटी नववीच्या सांख्यिकीच्या प्रकरणाला जोडून आलेख काढून हवेत. एवढ्यात काम चांगलं होतं. फक्त क्रम उलटा धरा. बहुतेक शाळांत आधी प्रश्नावली होते, मग घरं फिरून होतात आणि शेवटी ‘आता याचा आलेख कोणता?’ हा प्रश्न पडतो. तोवर उशीर झालेला असतो, कारण हवी ती माहिती विचारलेलीच नसते. पहिल्या दिवशी फळ्यावर रिकाम्या सारण्या काढा: आडव्या ओळीत काय, उभ्या रकान्यात काय, एकक कोणतं. ज्या प्रश्नाचं उत्तर कोणत्याच सारणीत बसत नाही तो प्रश्न काढून टाका. प्रश्नावली पाठपोट एका कागदावर मावली पाहिजे.

‘तुम्ही रोज किती पाणी वापरता?’ हा प्रश्न विचारूच नका. याचं उत्तर कुणालाच माहीत नसतं. लोक भीडेखातर काहीतरी आकडा सांगतात. ‘काल’ धरा. काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत, आणि तेही कामानुसार: पिणं व स्वयंपाक, आंघोळ, कपडे, भांडी, शौचालय, जनावरं, इतर. प्रत्येक कामापुढे तीन रकाने ठेवा: भांडं कोणतं, ते किती लीटरचं, किती वेळा भरलं. गुणाकार शाळेत करायचा, दारात उभं राहून नाही.

भांड्याच्या मापाचा गोंधळ हमखास होतो. बादली कुठे दहा लीटरची असते, कुठे वीसची. हंडा कुणी काठोकाठ भरत नाही. आदल्या दिवशी मुलांना घरून वेगवेगळी भांडी आणायला सांगा, एक लीटरच्या बाटलीनं भरून मोजा आणि मापांचा तक्ता प्रत्येक जोडीच्या हातात द्या. घरात भांडं वेगळं दिसलं तर तिथेच बाटलीनं मोजायचं. नळाला थेट पाइप लावून वापर होत असेल तर दहा लीटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते पाहा. ४० सेकंद लागले तर मिनिटाला १५ लीटर. मग पाइप किती मिनिटं चालू होता एवढंच विचारायचं.

याहून मोठी चूक म्हणजे तेच पाणी दोनदा मोजणं. हंड्यांनी पिंप भरलं, त्याच पिंपातून आंघोळीची बादली काढली. मुलं हंडेही लिहितात आणि बादल्याही. भरणं मोजायचं की वापर, एकच काहीतरी ठरवा. मी वापर मोजायला सांगेन, कारण नळ दिवसाआड येत असेल तर काल भरलेलं पाणी काल संपलेलं नसतं.

जनावरांचं पाणी वेगळंच ठेवायचं. दुभती म्हैस दिवसाला पन्नास लीटरच्या आसपास सहज पिते. ते पाणी माणसांच्या बेरजेत गेलं की गोठा असलेलं प्रत्येक घर उधळ्या दिसायला लागतं. माणसंही ‘काल घरात होती ती’ मोजा. वसतिगृहात राहणारा मुलगा धरायचा नाही, मुक्कामी आलेले पाहुणे धरायचे. आणि ‘घर’ म्हणजे काय हे आधी ठरवा. जनगणनेत एका चुलीवर जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब धरतात, तीच व्याख्या घ्या. एकाच वाड्यात दोन भाऊ वेगळे राहत असतील तर ती दोन कुटुंबं.

शक्यतो उत्तर घरात पाणी भरणाऱ्या व्यक्तीकडून घ्या. ओसरीवर बसलेले आजोबा प्रेमानं सगळं सांगतील, पण धुण्याला किती बादल्या लागल्या हे त्यांना ठाऊक नसतं. नाव, फोन, जात, उत्पन्न यांतलं काहीही लिहायचं नाही. कागदावर फक्त घराचा क्रमांक. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांना मुख्याध्यापकांचं पत्र आधी द्या, म्हणजे ‘पाणीपट्टी वाढवायला आलेत का?’ अशी शंका कुणी काढली तर मुलांकडे उत्तर असेल.

आता किती घरं? सगळी ३२० करायचा मोह टाळा. ८० घरं नीट झाली तर ३२० घाईत केल्यापेक्षा माहिती जास्त खरी मिळते. वीस जोड्या, प्रत्येकी चार घरं. एक जण विचारेल, एक लिहील. उरलेली एकविसावी जोडी शाळेत बसून आलेले कागद तपासेल. यादीसाठी ग्रामपंचायतीची नमुना ८ ची कर आकारणी नोंदवही मिळते, पण ती मिळकतींची यादी आहे, कुटुंबांची नाही. बंद घरंही तिच्यात असतात. अंगणवाडी सेविकेकडचं कुटुंबांचं रजिस्टर जास्त उपयोगी. दोन्ही समोर ठेवून वाडीवार सलग क्रमांक द्या. ३२० भागिले ८० म्हणजे ४. एक ते चारपैकी एक चिठ्ठी उचला. समजा ३ आला, तर ३, ७, ११ असं करत ३१९ पर्यंत. यादी वाडीवार असल्यामुळे गावठाणात १६० आणि दोन वाड्यांत प्रत्येकी ८० कुटुंबं असतील तर आपोआप ४०, २०, २० अशी वाटणी होते.

घराला कुलूप असेल तर मुलं शेजारचं घर घेतात. हे होऊ देऊ नका. दिवसा बंद असलेली घरं ही बहुधा नवरा-बायको दोघंही कामाला जाणाऱ्यांची असतात आणि त्यांचा पाणीवापर वेगळा असतो. शेजारची घरं घेत गेलात की हा अख्खा गट निवडलेल्या घरांतून गळतो. संध्याकाळी किंवा रविवारी पुन्हा जायचं, तरीही बंद असेल तर ‘बंद’ अशी नोंद करायची. अशा घरांची संख्या अहवालात आली पाहिजे.

खऱ्या फेरीआधी निवडलेल्या ८० बाहेरच्या चार-पाच घरांत प्रश्नावली चालवून पाहा. बंगालातल्या तागाच्या पिकाची पाहणी करताना संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी आधी छोट्या चाचणी पाहण्या घेण्याची पद्धत रुजवली, ती शाळेच्या कामालाही तशीच लागू पडते. कोणता प्रश्न पुन्हा समजावून सांगावा लागला, कुठे रकाना अपुरा पडला, हे अर्ध्या दिवसात कळतं. मोजमापातल्या बारीक चुका किती महागात पडतात हे दाखवायचं असेल तर मुलांना सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांचं काम सांगा. पीककापणीत तुकडा फार लहान घेतला तर सीमेवरची रोपं आत धरली जातात आणि उत्पादन फुगलेलं दिसतं, हे त्यांनी १९४० च्या दशकात दाखवलं. लहान भांड्यानं मोठं माप काढताना हाच प्रकार होतो.

फेरीचा दिवस सणाच्या, लग्नाच्या किंवा गावच्या बाजाराच्या नंतरचा नको. शनिवारी विचारलं तर उत्तर शुक्रवारचं, सोमवारी विचारलं तर रविवारच्या धुण्याचं. म्हणून प्रत्येक जोडीची चार घरं वेगवेगळ्या वारांना वाटून द्या आणि वार कागदावर लिहा.

कागद आले की एका घराला एक ओळ, एका प्रश्नाला एक रकाना. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं भरायचं, मग अदलाबदल करून पडताळायचं. जनावरं नाहीत तर ०. उत्तर मिळालं नाही तर रकाना रिकामा. या दोन्हींत फरक न केल्यानं सरासरी बिघडते, कारण संगणक शून्य धरतो आणि रिकामं सोडतो. ‘माहीत नाही’साठी ९९ लिहायची सवय काहींना असते, तो ९९ पुढे लीटर म्हणून बेरजेत जातो.

गूगल शीट्स किंवा एक्सेलमध्ये तीन खड्डे आहेत. ‘१२ लीटर’ असं लिहिलं की तो आकडा राहत नाही, मजकूर होतो. एकक फक्त मथळ्यात लिहा. मराठी कळफलकावरून टाइप केलेले अंकही बऱ्याचदा मजकूर धरले जातात. रकान्यातला आकडा डावीकडे चिकटलेला दिसला तर तो मजकूर आहे असं समजा आणि इंग्रजी अंकांत पुन्हा भरा. तिसरा खड्डा मजेशीर: वर्ग म्हणून ५-१० लिहिलं की त्याची तारीख होते. ‘५ ते १०’ असं लिहा.

सरासरी काढताना जरा थांबा, कारण तुमचा निष्कर्षच इथे फिरू शकतो. समजा एका घरात दोन माणसं आणि २०० लीटर, म्हणजे माणशी १००. दुसऱ्या घरात आठ माणसं आणि ३२० लीटर, म्हणजे माणशी ४०. या दोन सरासऱ्यांची सरासरी ७०. पण एकूण पाणी ५२० लीटर, एकूण माणसं १०, म्हणजे माणशी ५२. जलजीवन मिशनचं ग्रामीण प्रमाण माणशी रोज ५५ लीटर आहे. एका पद्धतीनं गाव त्याच्या वर दिसतं, दुसरीनं खाली! ‘गावात माणशी किती?’ असा प्रश्न असेल तर एकूण पाण्याला एकूण माणसांनीच भागा.

मध्यकही, म्हणजे आकडे चढत्या क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा आकडा, काढून घ्या. पाच घरांचे आकडे ३८, ४२, ४५, ५१, १८४ असतील तर सरासरी ७२ येते आणि मध्यक ४५. पाचांपैकी चार घरं ५१ किंवा त्याखाली असताना ७२ हा आकडा कुणाचाच नाही. अर्थात १८४ दिसल्यावर आधी मूळ कागद काढा. तो ८४ असू शकतो, किंवा कुणी जनावरांचं पाणी मिसळलेलं असू शकतं. कागद बरोबर असेल तर आकडा ठेवायचा. आवडला नाही म्हणून खोडायचा नाही.

आलेखांपैकी सर्वांत जास्त गैरवापर वृत्तालेखाचा होतो. एका घराचं एकच उत्तर असेल तेव्हाच तो चालतो. ‘पिण्याच्या पाण्याचा मुख्य स्रोत’ असं विचारलं आणि ८० पैकी नळ ४८, विहीर १६, बोअर १२, टँकर ४ असं आलं, तर कोन २१६, ७२, ५४ आणि १८ अंश, बेरीज ३६०. पण ‘कोणकोणते स्रोत वापरता?’ असं विचारलं असेल तर एक घर दोन-तीन ठिकाणी मोजलं जातं, बेरीज ८० च्या पुढे जाते आणि वृत्तालेख खोटा ठरतो. तिथे साधा स्तंभालेख काढा. नववीत वृत्तालेख नाही जमला तरी काही बिघडत नाही. तो पुढच्या वर्षी येतोच.

पाठ्यपुस्तकातल्या विभाजित आणि शतमान स्तंभालेखांना खरं काम इथे मिळतं. कोणत्या वाडीत आंघोळीला किती, धुण्याला किती, ही तुलना करायची आहे, पण गावठाणातली घरं ४० आणि वाड्यांतली २०-२०. एकूण लीटरचा विभाजित स्तंभालेख काढला तर गावठाणाचा स्तंभ उंच दिसणारच. त्यातून कळतं काय, तर तिथे घरं जास्त आहेत. शतमान काढा, म्हणजे प्रत्येक स्तंभ १०० चा आणि आतले भाग तुलना करण्याजोगे. रंगांचा क्रम सगळ्या स्तंभांत तोच ठेवा आणि सर्वांत महत्त्वाचा भाग तळाशी घ्या, कारण डोळ्याला तळाच्या भागाची उंची सर्वांत नीट ताडता येते.

माणशी लीटर ही सलग राशी आहे, म्हणजे तिची मधली कोणतीही किंमत येऊ शकते. तिला आयतालेख, म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या आयतांचा आलेख. मुलं नेमकं इथे ८० घरांचे ८० स्तंभ काढतात. संगणकालाही कच्चा रकाना दिला तर तोही तेच करतो. आधी वारंवारता सारणी, म्हणजे कोणत्या वर्गात किती घरं. ८० घरांना सहा ते आठ वर्ग पुरतात. वर्गांतर २० घ्यायची सवय असते, पण मी १५ घेईन: १०–२५, २५–४०, ४०–५५, ५५–७०, ७०–८५, ८५–१००. म्हणजे ५५ ही वर्गाची सीमा होते आणि प्रमाणाखाली किती घरं आहेत हे संचित वारंवारतेवरून (त्या वर्गापर्यंतच्या घरांच्या बेरजेवरून) थेट वाचता येतं. वर्ग असमावेशक ठेवा; बरोबर ५५ आलं तर ते घर ५५–७० मध्ये. शेवटी ‘१०० च्या वर’ असा उघडा वर्ग टाकला की त्याचा आयत काढता येत नाही. तो १००–१६० असा बंद केला तर रुंदी चौपट झाली, म्हणून उंची घरांच्या संख्येच्या एक चतुर्थांश. ८ घरं असतील तर उंची २. हे न केल्यास मोजकीच घरं पानभर पसरलेली दिसतात. अशा आलेखात उभ्या अक्षावर ‘दर १५ लीटरच्या वर्गातील घरे’ असं लिहा.

उभा अक्ष शून्यापासून. संगणक कधीकधी तो परस्पर मधूनच सुरू करतो आणि ४८ व ५२ मधला फरक दुपटीचा वाटायला लागतो. त्रिमितीचे आलेख नकोतच. मथळ्यात गाव, महिना, घरांची संख्या आणि एकक हवं. मार्चमधला आकडा सप्टेंबरच्या आकड्याशेजारी ठेवला तर वाचणाऱ्याला ते कळलं पाहिजे.

निष्कर्ष लिहिताना वाक्य ‘निवडलेल्या ८० कुटुंबांपैकी इतक्या’ असं सुरू करा. ३२० पैकी ८० घरं चिठ्ठीनं निवडली असतील तर पन्नास टक्क्यांच्या आसपासचा आकडा खऱ्यापेक्षा सुमारे ९ ते १० टक्के इकडेतिकडे असू शकतो. २० घरांच्या वाडीसाठी हीच फट जवळजवळ १९ टक्क्यांची होते. तेव्हा एका वाडीत ४५ टक्के घरं प्रमाणाखाली आणि दुसरीत ५५ टक्के आली, तर ‘दुसऱ्या वाडीत पाण्याची टंचाई जास्त’ असं लिहू नका. २० आणि ७० आले तर जरूर लिहा.

ग्रामपंचायतीला देताना एकच पान द्या: आयतालेख, ५५ वर उभी रेघ, खाली मध्यक आणि बंद घरांची संख्या. पाच-सहा घरांची एखादी वस्ती असेल तर तिचा वेगळा आलेख त्या पानावर नको. कोणता आकडा कोणाच्या घरचा हे गावात लगेच ओळखलं जातं.